जुगाड नव्हे, विद्या

एखाद्या समाजाला कशाविषयी आदर नाही, हे तो कशाची निंदा करतो यावरून कळते असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखकाला तो अपुरा वाटतो. निंदेइतकीच स्तुतीही बोलकी असते, किंबहुना अधिक. कारण निंदा करताना माणूस सावध असतो आणि स्तुती करताना गाफील. 'जुगाड' हा असाच एक गाफील स्तुतीचा शब्द. हिंदीतून तो मराठीत आला, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत रुळला, आणि २०१२ साली नवी रादजू, जयदीप प्रभू आणि सिमोन अहुजा यांच्या इंग्रजी पुस्तकाने त्याला व्यवस्थापनशास्त्राचा टिळाही लावला. तेव्हापासून सुशिक्षित मराठी माणूस हा शब्द अभिमानाने वापरतो. शिक्षण नाही, साधने नाहीत, तरी आपल्या माणसाने कसे जमवले बघा!

या कौतुकात अवमान दडलेला आहे असे माझे म्हणणे आहे. 'जमवले' या क्रियापदात 'येत होते' हे नाकारलेले असते. ज्याला आपण जुगाड म्हणतो ती बहुतेक वेळा शिकलेली, घोटलेली, एका हाताने दुसऱ्या हाताला दिलेली विद्या असते. आपल्याला ती येत नाही, शिकण्याची इच्छा नाही आणि तिला विद्या म्हणण्याचीही तयारी नाही, म्हणून आपण तिला योगायोगाच्या खात्यात टाकतो. हा केवळ शब्दाचा वाद असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण या एका शब्दामागची वृत्ती आपल्या कायद्यात, सरकारी योजनांत आणि साहित्यातही उतरली आहे. उदाहरणादाखल एकच काम घेतो : मोटारीच्या अंगाचा पत्रा हाताने ठोकून घडवणे.

१. सपाट पत्रा आणि वाकडी मोटार

भिवंडीचे नाव उर्वरित महाराष्ट्राला तीन गोष्टींमुळे ठाऊक आहे : १९७० आणि १९८४ च्या दंगली, यंत्रमाग, आणि अलीकडे महामार्गालगतची गोदामे. निजामपुरा हा या शहराचा जुना भाग. महापालिकेच्या अधिकृत नावातही 'भिवंडी-निजामपूर' अशीच जोडी आहे. शहराचे चौथे अंग मात्र कुणी सांगत नाही. ते म्हणजे दुरुस्ती. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग या शहरात आले आणि इथल्या मिस्त्र्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या चालते ठेवले. गोदामांमागोमाग ट्रक आणि टेम्पो आले. ते घासतात, चेपतात, फाटतात. त्यांचे पत्रे सरळ करणारे लोक अशा शहराला मागवाल्यांइतकेच लागतात. हिंदी-मराठी-उर्दूच्या सरमिसळीत चालणाऱ्या त्यांच्या जगात शिकवणाऱ्याला 'उस्ताद' म्हणतात. बाहेरचे जग त्याला 'डेंटर' म्हणते, म्हणजे ज्याचा धंदा पोचा काढण्याचा आहे तो. वास्तविक पोचा काढणे हा त्या विद्येचा पहिला इयत्ता. जुन्या गाडीचा गंजून गेलेला मडगार्ड, ज्याचा सुटा भाग जगात कुठेही मिळत नाही, तो कोऱ्या पत्र्यातून पुन्हा उभा करणे हा तिचा शेवटचा इयत्ता.

हे काम नेमके काय आहे? पत्रा सपाट असतो आणि मोटारीचे अंग जवळजवळ कुठेच सपाट नसते. सपाट कागदाची नळी करता येते, शंकू करता येतो; पण त्याच कागदाने चेंडू गुंडाळायला गेले की सुरकुत्या पडतात. एका दिशेने वळलेला आणि दोन दिशांनी वळलेला पृष्ठभाग यांत मूलभूत फरक आहे. कार्ल फ्रीडरिश गाउस या गणितज्ञाने १८२७ साली तो सिद्ध केला आणि आपल्या त्या प्रमेयाला स्वतःच 'विलक्षण' असे विशेषण दिले. त्यातून निघणारा अर्थ असा की ताणल्याशिवाय किंवा आकसवल्याशिवाय सपाट पत्र्याचा मडगार्ड होऊच शकत नाही. कारागिराने गाउसचे नाव ऐकलेले नसते. पण कुठे ताणायचे, कुठे आकसवायचे आणि किती, हा त्याचा रोजचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर त्याला पाऊण मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर, पत्रा न फाडता द्यायचे असते.

ताणण्यासाठी पत्रा वाळूच्या पिशवीवर किंवा लाकडाच्या खोलगट ठोकळ्यावर ठेवून मोगरीने ठोकतात. जिथे घाव पडतो तिथे धातू पसरतो आणि पातळ होतो. ठोकता ठोकता तो कडकही होत जातो. एका मर्यादेनंतर आणखी घाव घातला तर चीर पडते. ती मर्यादा हातोडीच्या बदलत्या आवाजावरून आणि मनगटाला मिळणाऱ्या उसळीवरून ओळखायची असते. मग पत्रा तापवून पुन्हा नरम करायचा. अ‍ॅल्युमिनियमची गोष्ट आणखी नाजूक, कारण वितळण्यापूर्वी ते लाल होऊन इशारा देत नाही. म्हणून त्यावर साबण चोळतात आणि खालून ज्योत देतात. साबण काळपट पडला की ज्योत काढायची. हा तापमापक जगभरच्या कार्यशाळांत वापरला जातो.

आकसवणे त्याहून अवघड. फुगून ढिल्या झालेल्या पत्र्यावर नाण्याएवढा ठिपका लालभडक तापवायचा, त्याच्या कडेने हलके घाव घालून धातू आत ढकलायचा आणि ओल्या फडक्याने चटकन विझवायचा. थंड होताना तो ठिपका भोवतालचा पत्रा ओढून घेतो. ठिपका चुकला, किंवा एक ठिपका जास्त झाला, तर सगळा पत्रा पिळवटतो. शेवटी मागून पोलादी डॉलीचा टेकू देऊन पुढून हलक्या हातोडीने पृष्ठभाग एकसारखा करायचा. डोळ्याला न दिसणारा उंचसखलपणा तळहाताला कळतो. तळहाताची खात्री कानस करते, कारण ती उंचवट्यावर चमक पाडते आणि खळग्याला शिवत नाही. ज्याला हे येत नाही तो खळगा लांबीने भरून वर रंग मारतो. दोन पावसाळ्यांनी लांबी सुटते आणि खालचे अज्ञान उघडे पडते.

एवढे तपशील देण्याचे कारण हे की यात 'जमवणे' कुठेही नाही. कारण, परिणाम, मर्यादा, चाचणी आणि चुकीचे निदान, असे विद्येचे सगळे घटक इथे आहेत. नसेल तर फक्त पुस्तक. ज्ञानाचा मोठा भाग शब्दांत न मावणारा असतो, ही गोष्ट मायकेल पोलान्यी या विचारवंताने विसाव्या शतकाच्या मध्यास सविस्तर मांडली, तेव्हा विद्यापीठांनी ती मान्य केली. तीच गोष्ट निजामपुऱ्यातल्या उस्तादाच्या बाबतीत मान्य करताना मात्र आपली जीभ अडखळते.

२. देवराष्ट्रे आणि मोदेना

आता एक घडलेली गोष्ट. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. डिसेंबर २०२१ मध्ये या गावातील दत्तात्रय लोहार यांनी घरी बनवलेल्या छोट्या जीपसारख्या गाडीची चित्रफीत देशभर फिरली. जुन्या गाड्यांचे भाग, भंगारातले लोखंड आणि पत्रा यांतून, सुमारे साठ हजार रुपयांत त्यांनी ती उभी केली होती. दुचाकीसारखी लाथ मारून ती सुरू होत असे. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले आणि सोबत हेही सांगितले की ती नियमांत बसत नाही, आज ना उद्या तिला अटकाव होईल. तेव्हा तिच्या बदल्यात आपण नवी बोलेरो देऊ आणि ती गाडी आपल्या संशोधन केंद्रात प्रेरणा म्हणून मांडू. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली.

या व्यवहारातील दोन्ही पक्षांच्या हेतूंविषयी मला शंका नाही. देणाऱ्याने उदारपणे दिले आणि घेणाऱ्याचा संसार सोपा झाला. आक्षेप आहे तो ही गोष्ट सांगणाऱ्या आपल्या सर्वांवर. गाडीचा बॉनेट कसा वळवला, पत्रा कुठून घेतला, सांधे कसे जुळवले, वजन कसे तोलले, हे प्रश्न त्या कौतुकाच्या लाटेत किती जणांनी विचारले? 'जुगाड' हा शब्द उच्चारला की प्रश्न संपतात. ज्याचे आडनावच लोहार आहे त्या माणसाला लोखंड कळते, यात नवल वाटण्यासारखे काय होते? नवल वाटले, कारण आपण गृहीत धरले होते की मोटार ही इंजिनियरची वस्तू आहे आणि लोहाराची वस्तू विळा.

तुलनेसाठी इटलीत जाऊ. तिथे या कामाला 'बात्तीलास्त्रा' असे नाव आहे, शब्दशः 'पत्रा ठोकणारा'. सर्जिओ स्कालिएत्ती यांचा जन्म १९२० साली मोदेनाजवळ झाला. कोवळ्या वयात ते मोटारींचे अंग बांधणाऱ्या कार्यशाळेत कामाला लागले. पुढे स्वतःची कार्यशाळा काढून त्यांनी फेरारीच्या शर्यतीच्या मोटारींना अ‍ॅल्युमिनियमची अंगे चढवली. पुष्कळदा रीतसर आराखड्याशिवाय, नजरेने आणि हाताने त्यांनी पत्रा घडवला. भंगारातून केलेली गाडी आणि फेरारी यांची तुलना मी करत नाही. तुलना आहे ती दोन समाजांच्या प्रतिक्रियेची. फेरारीने २००४ साली आपल्या एका मॉडेलला '६१२ स्कालिएत्ती' हे नाव दिले. म्हणजे पत्रा ठोकणाऱ्याचे नाव गाडीवर आले. त्यांच्या कार्यशाळेतून अंग लाभलेली एक '२५० जीटीओ' २०१८ साली लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना विकली गेली. इटालियन भाषेने 'पत्रा ठोकणारा' या शब्दाची लाज बाळगली नाही आणि त्याला विशेषणाचा टेकूही दिला नाही. आपण मात्र आपल्या माणसाला 'अवलिया' म्हटले, 'देशी जुगाड' म्हटले, आणि त्याच्या कामाला काचेआड पाठवून निश्चिंत झालो.

३. सुरक्षिततेचा आक्षेप

इथे एक वजनदार आक्षेप येतो आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. रस्ता म्हणजे प्रदर्शन नव्हे; तिथे इतरांचे जीव असतात. आजच्या मोटारीचे अंग हे नुसते आवरण राहिलेले नाही. पुढचा भाग ठरल्याप्रमाणे चुरडतो आणि धक्का शोषतो. दारांमधले खांब अतिकठीण पोलादाचे असतात. त्यांना ज्योत लावली की त्यांचे बळ जाते. गल्लीतल्या कारागिराने तिथे हात घालू नये. जीपला लोखंडी नळ्यांचे कुंपण लावणाऱ्यांना केंद्रीय मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये मनाई केली, तीही योग्यच होती. पादचाऱ्याचे पाय मोडणारा दागिना कुणाला हवा?

हे सगळे मान्य. पण या मान्यतेतून निष्कर्ष कोणता निघतो? तपासणी हवी, शिक्षण हवे, परवान्याची पायरी हवी, हा. आपण काढला आहे तो निष्कर्ष वेगळा : वाटच नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी, केरळमधून आलेल्या प्रकरणात, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येणार नाही असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. नवे वाहन बनवायचे तर नमुना गाडी चाचणीसंस्थेकडे न्यावी लागते. पुण्यात अशी संस्था १९६६ पासून आहे, पण ती व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी रचलेली आहे. एका माणसाने बनवलेल्या एका गाडीला परवडेल आणि झेपेल अशी पायरी तिच्यात नाही.

अशी पायरी अशक्य आहे काय? ब्रिटनमध्ये ती १९९८ पासून आहे. २००९ पासून तिचे नाव 'व्यक्तिगत वाहन मान्यता' असे आहे. घरी बनवलेली गाडी घेऊन माणूस तपासनीसाकडे जातो. तपासनीस ब्रेक, दिवे, पट्टे, सुकाणू, धूर सगळे पाहतो. अंगाच्या बाहेर आलेल्या कडा किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येने गोल आहेत की नाहीत हेही मोजतो. त्रुटी असेल तर लिहून देतो. ती दुरुस्त करून पुन्हा या म्हणतो. कारागिराच्या पत्र्याच्या कडेवर फूटपट्टी ठेवणारा हा तपासनीस मला त्या पत्र्याचा फोटो पुढे पाठवणाऱ्या हजार चाहत्यांपेक्षा अधिक आदरशील वाटतो. परीक्षा घेणे हाही एक सन्मानच आहे. ज्याला आपण विद्यार्थी मानतो त्याचीच परीक्षा घेतो. जुगाडू माणसाला फक्त टाळ्या देतो, नाहीतर दंड.

आणि हे आपल्याला जमणार नाही असेही नाही. मोठ्या वाहनांच्या बाबतीत आपण ते करतच आलो आहोत. ट्रकचा आणि बसचा सांगाडा एकाने विकावा आणि अंग दुसऱ्याने बांधावे, ही या देशातली जुनी रीत आहे आणि तिच्यासाठी आज प्रमाणके आहेत. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील महामंडळाच्या कार्यशाळांनी पिढ्यान्‌पिढ्या गाड्यांवर स्वतः अंगे बांधली. म्हणजे महाराष्ट्र शासनाच्या पंखाखालीच पत्रेकामाच्या मोठ्या शाळा चालत आल्या आहेत. लाल डब्यातून प्रवास करून आपण साहित्य संमेलनांना गेलो. तो डबा कुणी ठोकला हे विचारावेसे वाटले नाही.

४. यादीत नसलेला माणूस

कारागिरांविषयी शासनाला आस्था नाही असे म्हणता येणार नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य, अल्प व्याजाचे कर्ज, असे तिचे स्वरूप. तिच्या आरंभीच्या यादीत अठरा व्यवसाय होते. त्यांत लोहार आहे, सुतार आहे, कुंभार, न्हावी, परीट, शिंपी आहेत. हातोडी आणि अवजारे बनवणाराही आहे. मोटारीचा पत्रा घडवणारा नाही. हातोडी बनवणारा कारागीर ठरला. तीच हातोडी आयुष्यभर चालवून पत्र्याला आकार देणारा ठरला नाही.

ही नजरचूक नसावी. आपल्या मनातला कारागीर गावगाड्यातला आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला. शंभराहून अधिक वर्षांनंतरही कारागीर म्हटले की त्याच चौकटीतली माणसे डोळ्यांपुढे येतात. वंशपरंपरेने आलेली, जातीने ओळखता येणारी, जुनी म्हणून पवित्र. यंत्रयुगात जन्मलेले हस्तकौशल्य, जे जातीच्या रकान्यात बसत नाही, ज्याचे उस्ताद आणि शागीर्द शहराच्या सरमिसळ वस्तीतून येतात, त्याला आपण परंपरा मानत नाही आणि आधुनिक तंत्रज्ञानही मानत नाही. पुण्याच्या तांबट आळीतल्या मठारकामाला निदान वारसा म्हणून पाहायला लोक जातात, आणि ते योग्यच आहे. (तांबटही त्या अठरांच्या यादीत नाही, हा भाग वेगळा.) पण तांब्याच्या हंड्यावर पडणारा घाव आणि मडगार्डवर पडणारा घाव यांचे शास्त्र एकच आहे. एक वारसा आणि दुसरा 'आवाजाचा त्रास', हा भेद धातूने केलेला नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत 'शीट मेटल वर्कर' हा अभ्यासक्रम आहे, मोटारीच्या अंगाच्या दुरुस्तीचाही आहे. पण तिथे शिकवायला प्रमाणपत्र लागते आणि तीस वर्षे पत्रा ठोकलेल्या उस्तादाकडे ते नसते. ज्याला येते तो शिकवू शकत नाही, अशी ही रचना आहे. परिणामी विद्या गल्लीतच राहते आणि गल्लीच्या दोषांसकट राहते. या कामाचे भाबडे कौतुक करणाऱ्यांनी हे दोष पाहावेत. दिवसभराच्या ठोकण्याने कान जातात, रंगाच्या फवाऱ्याने छाती भरते, आणि शाळेत असायला हवे ते पोर 'छोटू' या सर्वसामान्य नावाने पाने-हातोड्या देत असते. विद्या म्हणून मान्यता नसणे ही केवळ मानापमानाची बाब नाही. जिथे विद्या नाही तिथे विद्यार्थी नसतो, नुसता छोटू असतो. आणि छोटूच्या कानांसाठी कुणी नियम करत नाही.

५. कामगार आहे, काम नाही

शेवटचा मुद्दा आपल्या घरचा, म्हणजे साहित्याचा. मराठी साहित्यात कामगार नाही असे कोण म्हणेल? नारायण सुर्व्यांनी त्याला कवितेत मानाने आणले, त्यांचे 'माझे विद्यापीठ' १९६६ चे. जयंत पवारांच्या 'अधांतर'ने गिरणगावाची पडझड रंगमंचावर उभी केली. दलित आत्मकथनांनी श्रमाची किंमत काय असते ते रक्ताने लिहिले. या लेखनाचे ऋण मान्य करूनही एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. या साहित्यात कामगाराची भूक आहे, संप आहे, दारू आहे, अपमान आणि बंडही आहे. त्याचे काम मात्र बहुधा पडद्याआड आहे. मागाचा धोटा कसा अडकतो, पत्रा कुठे फाटतो, चांगला घाव आणि वाईट घाव यांत फरक काय, हे आपल्या कादंबऱ्या क्वचितच सांगतात. आपण कामगाराविषयी करुणा शिकलो, त्याच्या कामाविषयी कुतूहल शिकलो नाही. करुणेला समोरच्याचे दुःख कळले की पुरते. कुतूहलाला त्याच्याकडून शिकावे लागते, त्याच्या पायरीखाली बसावे लागते. ते आपल्या लेखकवर्गाला अवघड गेले.

भाषेचे नुकसान यातूनच झाले. मोल्सवर्थसारख्या परक्या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) मराठीचा कोश करताना कारागिरांच्या शब्दांना पंडितांच्या शब्दांशेजारी बसवले. नंतरच्या काळात शास्त्रीय परिभाषा घडवताना आपली पहिली नजर संस्कृत धातूंकडे गेली, धातू ठोकणाऱ्यांकडे नाही. आज पत्रा आकसवण्याच्या क्रियेला निजामपुऱ्यात काय म्हणतात, डॉलीच्या वेगवेगळ्या आकारांना कोणती नावे आहेत, कानशीच्या चमकेला काय म्हणतात, याची नोंद मराठीत कोण ठेवतो? ते शब्द हिंदी आहेत, उर्दू आहेत, इंग्रजीचे अपभ्रंश आहेत, असे नाक मुरडून सांगणाऱ्यांना एवढेच विचारावे की शुद्ध मराठी नावे ठेवायला आपण तिथे कधी गेलो होतो काय?

थोडक्यात, मागणी मोठी नाही. एकेका गाडीची तपासणी करून तिला मान्यता देणारी किंवा कारणे देऊन नाकारणारी वाट कायद्यात असावी. उस्तादाला त्याच्या कामावरून, पत्रा त्याच्या हातात देऊन, पारखले जावे आणि उत्तीर्ण झाला तर शिकवण्याचा अधिकार मिळावा. कारागिरांच्या याद्या करणाऱ्यांनी मोटारयुग येऊन शंभर वर्षे लोटली याची दखल घ्यावी. लेखकांनी आणि कोशकारांनी वही घेऊन एकदा त्या गल्लीत जावे, आणि चित्रफीत काढण्याआधी काम कसे होते ते विचारावे.

तोवर निदान एक गोष्ट कुणाच्याही परवानगीशिवाय करता येईल. पुढच्या वेळी असा घडवलेला पत्रा पाहून 'काय जुगाड आहे!' असे तोंडाशी आले, तर ते गिळावे आणि त्याऐवजी विचारावे, 'उस्ताद, हे कुणाकडे शिकलात?'